हातचा

ओउलू नदीच्या काठी माझा बाप ओंडके मोजायचा,
वितीनं.
आमच्याकडे वितीला वाक्सा म्हणतात,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला पंजा,
आणि बापाला करंगळी नव्हती.
एकसष्टच्या हिवाळ्यात करवतीनं नेली.
त्यामुळे वेइक्कोच्या दहा म्हणजे इतरांच्या नऊ
हे वखारीतल्या पोरासोरांनाही पाठ.
लिहिलेलं कुठेच नव्हतं.

मग वखारीत यंत्र आलं.
यंत्र एका घासात जेवढं गिळतं त्याला शब्द म्हणतात.
याचा शब्द सोळा बिटांचा.
अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, उणे एकतीस अंशांत,
बत्तीस हजार सातशे सदुसष्टावा ओंडका मोजला गेला
आणि त्याच्या पुढच्याला उमटलं:
उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
म्हणजे कारखानाच जंगलाचं देणं लागत होता.
एस्कोलासाहेब बिनटोपीचे धावत आले.
बाप कॉफीत फुंकर घालत एवढंच म्हणाला,
‘पहिल्यांदाच खरं बोललं बघ.’

पुढे मी कंपायलर लिहायला लागले,
माणसाचं बोलणं यंत्राच्या गळी उतरवायचा धंदा.
एकाचा शब्द बारा बिटांचा, एकाचा सोळा,
उप्सालाहून जुन्या भावात आणलेल्या धुडाचा छत्तीस.
छत्तीसचाच आकडा तो, कुणाशी म्हणून पटायचं नाही.
दर यंत्रामागे नवं बाळंतपण.
शेवटी कंटाळून एक यंत्र मनातच बांधलं,
जगात कुठेही नसलेलं,
ना पंखा, ना वायर, ना धूळ.
ज्याचा तो आपल्या हातानं साडेतीन हात असतो;
याला हातच नव्हता, तो मी दिला: बत्तीस.
याच्या बाइटकोडात एकदा लिहा
आणि न्याल तिथे तेच उत्तर मागा.

लहान यंत्रांना ते जड गेलं.
बेरीज दोन फेऱ्यांत. आधी खालचे सोळा,
मग वरचे, आणि मधे
हातचा एक.
(त्या ओळीपाशी थांबून कितीदा
मी माझ्या करंगळीकडे पाहिलं असेल.)
मोठ्या यंत्राचं दुखणं उलटं:
चौसष्टची खोली, बत्तीसचं सामान.
ऋण संख्या आली की रिकाम्या अर्ध्यात
डावीकडे एक, एक, एक लिहीत जायचं
थेट भिंतीपर्यंत,
नाहीतर देणं रातोरात येणं होतं.

वखारीचा जुना हिशोब त्यावर चढवला
तेव्हा पावत्यांचे ताळे जुळेनात.
तीन दिवस माझ्याच कोडात ढेकूण शोधले.
चौथ्या दिवशी कळलं, ढेकूण नाहीच.
जुना हिशोब उतू जाण्यावरच उभा होता.
सोळाच्या भांड्यातून सांडायचं ते सांडलं
की ताळा बसायचा, वीस वर्षं.
आता भांडं मोठं, सांडत काहीच नाही,
म्हणून उत्तर बरोबर आणि पावती खोटी.

एक आज्ञा वाढवली मग.
क्रमांक एकशे एकोणीस:
वरचं टाकून दे, खालचे सोळाच ठेव,
आणि चिन्ह नव्यानं वाच.
नियमपुस्तकात तिचं नाव रुक्ष आहे.
मी तिला वेइक्को म्हणते.
बापाच्या बाबतीत जे सगळ्यांना पाठ होतं
ते इथे लिहावं लागलं.

परवा बापानं फोनवर खिडकीचं माप सांगितलं,
दहा विती.
मी दुकानात, घाईघाईत, माझ्याच पंजानं
दहा मोजून कापड घेतलं.
पडदा वीतभर लांब झाला.
तो काही बोलला नाही. चष्मा लावला,
जादाचं कापड आत दुमडलं,
चार बोटांनी दाबून धरलं
आणि टीप घातली.